आवाहन आणि विसर्जन

पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत बारा महिने गणपती घडत असतात. ऐन थंडीतही एखाद्या कारखान्यात डोकावले तर साच्यातून निघालेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा वाळत ठेवलेल्या दिसतात. कोपऱ्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मान वर न करता बसलेला असतो. ही मूर्ती कुणाच्या तरी घरी दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा दिवस राहील आणि मग पाण्यात जाईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी भुवईची रेघ तो अशी ओढतो, की जणू ती शंभर वर्षे टिकायची आहे.

या पेणहून खाडीकडे पाठ करून डोंगराकडे निघाले की गागोदे लागते. अंतोऱ्याच्या बंदरापर्यंत येणारे भरतीचे पाणी, मिठागरे, खारभूमीचे बांध हे सगळे मागे राहते आणि भाताची खाचरे सुरू होतात. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. त्याआधी हा कुलाबा जिल्हा. या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे जगाने त्यांना विनोबा म्हणून ओळखले.

गागोद्याच्या घरी गणपती विकत आणला जात नसे. आजोबा शंभुराव मुलांना चंदन उगाळायला बसवीत आणि त्या उगाळलेल्या चंदनातून मूर्ती आकाराला येई. मुलांचे हात दुखत, पण घर सुगंधाने भरून जाई. मग पूजा, आरत्या, नैवेद्य. आणि शेवटी ती मूर्ती पाण्यात. आपण उगाळले, आपण घडवले आणि आपणच बुडवायचे, हे लहानग्या विन्याला फार लागे. याचा अर्थ त्याला पुढे उमगला, आणि मोठेपणी विनोबांनी तो अनेकदा सांगितला. देवाला बोलवायचे ते पूर्ण मनाने आणि निरोप द्यायचा तोही पूर्ण मनाने. आवाहन जितके खरे, तितकेच विसर्जनही खरे.

आजोबांची आणखी एक आठवण विनोबा सांगत. एकदा पूजा चालू असताना मूर्तीवर विंचू येऊन बसला. घरात आरडाओरडा झाला, कुणी मारायला धावले. शंभुरावांनी सर्वांना थांबवले. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला हात लावायचा नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी फुले वाहिली, गंध लावले, नैवेद्य दाखवला, रोजच्याच गतीने पूजा पुरी केली. काही वेळाने विंचू आपण होऊन उतरला आणि निघून गेला. विंचू आहे म्हणून पूजा लवकर आटोपली नाही, आणि विंचू नाहीच असे मानूनही ती झाली नाही.

हल्ली वर्तमान क्षणात जगण्याचे मोठे कौतुक आहे. त्याची शिबिरे भरतात, पुस्तके निघतात. मुंबई-पुण्याची थकलेली माणसे शनिवार-रविवारी याच रायगडच्या किनाऱ्यावर मन शांत करायला येतात. त्यात वावगे काही नाही. दमलेल्या माणसाला विसावा हवाच. पण विनोबांचे चरित्र या दृष्टीने वाचू लागलो तर एक गोष्ट खटकू लागते. त्यांच्या वर्तमानात विसावा फारसा नाही. तिथे सतत काहीतरी हातातून सोडून देणे चालले आहे. क्षणात राहायचे तर मागचा क्षण बुडवावा लागतो. ही किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. कधी कधी ती दुसऱ्यांनाही मोजावी लागली. त्याकडे पुढे येऊच.

वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यात होते. मुलांना घेऊन आई रुक्मिणीबाईही पुढे तिकडे गेल्या. या माउलीला शाळेचे शिक्षण नव्हते, पण कामात राहून मन देवाशी ठेवायची विद्या तिच्यापाशी होती. तिने एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहायचे ठरवले. रोज एकेक दाणा मोजून बाजूला काढायचा, असे तिचे चाले. वडील शास्त्रीय वृत्तीचे. एक तोळा तांदळात दाणे किती बसतात ते मोजावे, हिशोब करून तेवढे तोळे तोलावेत, चूक राहू नये म्हणून वर थोडे टाकावेत, म्हणजे काम झाले, असा त्यांचा सल्ला. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला विचारले. त्याने सांगितले, की हा गणिताचा प्रश्नच नाही. दाण्यागणिक देवाची आठवण होते, आणि मोजायची ती आठवण. वडिलांच्या रीतीत लाख दाणे भरतील, पण स्मरण एकदाच होईल. आईचे समाधान झाले. मला हा प्रसंग विनोबांच्या साऱ्या ग्रंथांची किल्ली वाटतो. पुढे त्यांनी सूत काढले, दळण दळले, मैला उचलला, हजारो मैल चालले, ते सारे याच मोजणीने.

आता सोडण्याची कथा. विनायक बडोद्याच्या कॉलेजात शिकत होता, गणितात हुशार होता. एक दिवस आई स्वयंपाक करीत असताना तो चुलीपाशी बसला आणि हातातले कागद एकेक करून विस्तवात टाकू लागला. आईने विचारले तर ती परीक्षांची प्रमाणपत्रे निघाली. पुढे कधी उपयोगी पडतील, ठेवायला काय हरकत आहे, असे तिला वाटले. त्याला कधीच लागणार नव्हती. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा वाटेत सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीच्या रस्त्याला लागला. घरी पत्र टाकून कळवले, एवढेच. त्या वयात तो कविताही करी. मनासारखी उतरली की ती अग्नीला अर्पण करी. काशीत गेल्यावर गंगेला. कवितेचा आनंद ती होण्यात होता, वहीत साठवण्यात नव्हता. मराठी साहित्याचे यात नुकसान झाले की काय, ते सांगायला आता पुरावा उरलेला नाही!

त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींची पहिली भेट झाली. हिमालय आणि बंगालची क्रांती अशा दोन ओढींच्या मधे सापडलेला वीस वर्षांचा तरुण महात्म्याला भेटायला आला, तेव्हा महात्मा भाजी चिरत होता. त्यांनी एक विळी-सुरीचे काम याच्याही पुढे सरकवले, आणि बोलणे भाजी चिरता चिरताच झाले. व्हिएतनामचे बौद्ध भिक्खू थिक न्हात हान यांनी पाश्चात्त्य जगाला शिकवले, की भांडी घासायची ती भांडी घासण्यासाठीच, पुढच्या चहाकडे डोळा ठेवून नव्हे. २०२२ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या या शिकवणीवर जगभर लिहून आले. आपल्याकडे कोचरबच्या स्वयंपाकघरात तोच पाठ एका सकाळी न बोलता दिला गेला होता.

आश्रमातून विनोबांनी वर्षभराची रजा घेतली. वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी शांकरभाष्य, उपनिषदे वगैरेंचा अभ्यास केला, पायी प्रवास केला आणि वर्ष भरले त्या दिवशी ते आश्रमाच्या दारात हजर झाले. गांधीजी ती तारीख विसरूनही गेले होते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. अंत्यविधी भटजींकडून होणार म्हणून विनोबा स्मशानात गेले नाहीत. घरीच गीता आणि उपनिषदे वाचीत बसले. आईच्या वस्तूंपैकी तिचे लग्नातले एक लुगडे आणि अन्नपूर्णेची मूर्ती त्यांनी जवळ ठेवली. ते लुगडे ते रात्री उशाशी घेत. कितीतरी वर्षे घेतले. सर्टिफिकिटे जाळणारा माणूस एका लुगड्यापाशी अडला होता, हे वाचून बरे वाटते. पुढे खादीचे व्रत घेतले तेव्हा ध्यानात आले, की लुगडे खादीचे नाही. ते साबरमतीच्या पात्रात गेले, स्नान केले आणि लुगडे नदीला दिले. गागोद्याचे चंदनाचे गणपती त्यांना त्या वेळी आठवले असतील का?

आईने एकदा गीता सोप्या मराठीत सांगायला म्हटले होते. ते काम ७ ऑक्टोबर १९३० ला सुरू होऊन ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरे झाले. तीच गीताई. दुसऱ्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय. सानेगुरुजी तिथेच कैदी होते. त्यांनी ती भराभर उतरवून घेतली, म्हणून गीता प्रवचने हे पुस्तक आपल्या हाती आले. विनोबा स्वतः ते लिहायला बसले नसते.

तुरुंग त्यांना जाचला नाही. एका शिक्षेत त्यांना जेमतेम आठ-नऊ फुटांच्या एकांतकोठडीत ठेवले. वाचायला पुस्तक नाही, लिहायला कागद नाही, हाताला काम नाही. माणूस वेडा व्हावा अशीच योजना. विनोबांनी दिवसाचे वेळापत्रक आखले. इतके तास झोप, इतके ध्यान, आणि सात-आठ तास त्याच कोठडीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालणे. एका रात्री ते चालता चालता विचारात इतके बुडाले होते, की पहारेकऱ्याने दिलेल्या हाका त्यांना ऐकूच आल्या नाहीत. तो घाबरला आणि त्याने आत येऊन त्यांना हलवले.

गीता प्रवचनांतील आठव्या अध्यायाकडे वाचकांनी एकदा मुद्दाम वळावे. अंतकाळी मनात जे असेल तेच पुढे मिळते, असा त्या अध्यायाचा विषय. ऐकायला तो मरणाऱ्यांसाठी वाटतो, पण विनोबा तो जगणाऱ्यांच्या पदरात टाकतात. शेवटची घडी कोणती हे कुणालाच ठाऊक नसेल, तर प्रत्येक घडी शेवटची मानून नीट ठेवावी लागते. ते तिथे एकनाथांची गोष्ट सांगतात. एकाने नाथांना विचारले, की तुमचे जीवन इतके निष्पाप आणि आमचे असे का? नाथांनी उत्तर टाळले आणि सांगितले, की सात दिवसांत तुला मरण आहे. तो घरी जाऊन निरवानिरवीला लागला. सात दिवसांनी नाथ आले आणि विचारले, की या दिवसांत पाप किती घडले? त्याच्या मनात पापाला जागाच उरली नव्हती. मरण समोर ठेवून नाथ रोज जगत होते, इतकाच काय तो दोघांतला फरक. विनोबा स्वतः रात्रीच्या झोपेला मरणाची तालीम मानीत. लवकर निजत, आणि दिवसाचा हिशोब मिटवून निजत.

१९३८ साली त्यांची प्रकृती अगदी ढासळली. वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजी काळजीत पडले. डॉक्टरांना दाखवा, हवापालट करा म्हणू लागले. विनोबांनी थंड हवेच्या ठिकाणाऐवजी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. जमनालाल बजाजांचा धाम नदीच्या काठी तिथे बंगला होता. ७ मार्च रोजी गाडी धामच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी सर्व सोडल्याचा संकल्प तीन वेळा उच्चारला. आश्रमाची चिंता, संस्थांचे विचार, चाललेले शोध, सगळे नदीच्या अलीकडे राहिले. पुढे काय केले? जमीन खणली. पहिल्या दिवशी पाच मिनिटे. मग रोज थोडी वाढवत दोन तासांपर्यंत. घाव घालायचा, काही क्षण थांबायचे, पुन्हा घाव. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले. त्या खणण्यात भरत-राम भेटीची जुनी शिल्पमूर्ती हाती लागली. विसर्जन करीत निघालेल्या माणसाला जमिनीतून मूर्ती मिळाली, आणि तिची त्यांनी भक्तीने स्थापना केली.

वैयक्तिक सत्याग्रहातले १९४० चे पहिले सत्याग्रही म्हणून देशाला त्यांचे नाव कळले, पण मला त्या मानापेक्षा सुरगावचे काम मोठे वाटते. १९४६ ते १९४८ या काळात ते पवनारहून तीनेक मैलांवरच्या सुरगावला रोज खांद्यावर फावडे टाकून जात आणि गावाचा मैला साफ करीत. रविवार नाही, सण नाही. एका पावसाळ्यात मधल्या नाल्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. विनोबा काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून निरोप दिला, की देवळात जाऊन देवाला सांगा, गावचा भंगी आला होता, पण नाल्याला पूर असल्यामुळे परत गेला. मग ते घरी आले. एवढा निरोप दिला, की त्या दिवसाचे काम झाले.

गांधीजी गेले ते ३० जानेवारी १९४८ ला. दोन दिवस विनोबा शांत होते. तिसऱ्या दिवशी सेवाग्रामला बोलताना डोळ्यांतून पाणी आले. कुणाला त्याचे नवल वाटले. त्यांना स्वतःला नाही; देवाने आपल्यालाही हृदय दिले आहे, यात त्यांना धन्यताच वाटली. क्षणात जगणाऱ्याला दुःख होत नाही, अशी जी एक गोड समजूत आहे, तिला हे उत्तर आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूमिहीनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले. पुढची तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. पहाटे अंधारातच निघायचे, दहा-बारा मैल चालायचे, गावात सभा घ्यायची, दान घ्यायचे, निजायचे. दुसऱ्या पहाटे ते गाव मागे. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. सत्तेचा किंवा पोलिसांचा धाक नसताना एवढी जमीन जगात कुणी मिळवल्याचे उदाहरण नाही.

आणि इथेच तो हिशोब मांडावा लागतो. संकल्प पाच कोटी एकरांचा होता. मिळालेल्या जमिनीतही खडकाळ, वादातली, कागदावर न उतरलेली जमीन पुष्कळ होती. फार मोठा हिस्सा भूमिहीनांच्या हाती पोचलाच नाही. दानपत्र लिहून झाले, जयजयकार झाला, यात्रा पुढच्या गावाला गेली. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार झाला की नाही, हे पाहायला मागे कोण राहिले? विनोबांनी ते काम कार्यकर्त्यांवर आणि समाजावर सोपवले, आणि पुष्कळ ठिकाणी दोघेही कमी पडले. चंदनाचा गणपती बुडवताना मुलाला दुःख होते, पण त्यात दुसऱ्या कुणाचे काही बुडत नाही. जमिनीची वाट पाहत बसलेल्या भूमिहीनाचे तसे नाही. त्याचा वर्तमान पुढच्या गावाला चालत गेला नाही. ज्यांनी दाण्यागणिक मोजायचे शिकवले, त्यांनी हे दाणे मोजायला आणखी थोडे थांबायला हवे होते, असे मला वाटते. विनोबांचे चाहते याच्याशी सहमत होणार नाहीत. थांबला तो झरा नव्हे, डबके, असे ते म्हणतील. त्यातही तथ्य आहे. ते थांबले असते तर पोचमपल्लीच्या पुढे कदाचित काहीच झाले नसते.

आणीबाणीचेही तसेच. १९६६ मध्ये, गांधीभेटीला पन्नास वर्षे झाली त्या ७ जूनला, त्यांनी सूक्ष्मात प्रवेश करत असल्याचे जाहीर केले. १९७० पासून ते पवनार सोडून कुठे गेले नाहीत. जयप्रकाशांच्या आंदोलनावरून सर्वोदयाच्या घरात फूट पडली, तेव्हा २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचे मौन धरले. मौन चालू असतानाच आणीबाणी आली. त्या काळात त्यांनी महाभारतातल्या एका पर्वाचे नाव दाखवले, आणि सरकारी प्रचाराने ते भिंतीभिंतीवर रंगवले. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला, की अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे असते ते शासन. तोवर व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता. मित्र तुरुंगात असताना मौनाचे वर्ष पाळत राहणे, ही साधना की चूक? या प्रश्नावर महाराष्ट्रात घराघरांत भांडणे झाली, आणि त्या पिढीतली कित्येक माणसे शेवटपर्यंत विनोबांवर रागावलेली राहिली. तो राग खोटा होता, असे मला म्हणवत नाही.

१९८२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचाराने बरे वाटू लागले होते. मग त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही थांबवले. विनवण्या झाल्या, त्यांनी नुसती मान हलवली. प्रकृतीची बातमी रोज वर्तमानपत्रात येई. डॉक्टर नाडी बघत आणि थक्क होत. भोवती आश्रमाच्या भगिनींचा नामजप चालू होता. १५ नोव्हेंबर, दिवाळीची अमावास्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास श्वास थांबला. आदल्या रात्री घरोघर पणत्या लागल्या होत्या.

ज्या धाम नदीवरचा पूल ओलांडताना चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी सगळे सोडले होते, त्याच नदीच्या काठी आश्रमाच्या भगिनींनी त्यांना अग्नी दिला.